प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे, पण आधी सांगा कोणाविरुद्ध

प्रश्न थोडक्यात असा होता. एका कॉलेजच्या मुलाला रात्री साडेअकराला मित्राकडून परत येताना नाकाबंदीत थांबवलं, लायसन बघितलं, गाडीचे पेपर बघितले आणि मग हवालदार म्हणाला फोन अनलॉक कर. याने करून दिला. हवालदाराने व्हॉट्सअॅप उघडलं, सर्चमध्ये दोन-तीन शब्द टाकले, गॅलरी खालीवर केली आणि जा म्हणाला. घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, घटनेत प्रायव्हसी असा शब्दच नाहीये, काही होत नसतं, आणि लपवण्यासारखं काही नसेल तर एवढं मनाला लावून कशाला घ्यायचं. मुलगा म्हणतो सुप्रीम कोर्टाने मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलंय. कोण बरोबर?

वडील अर्धे बरोबर, मुलगा पाऊण. मी वीसेक वर्षं वकिली करतोय, बरीचशी जिल्हा कोर्टात आणि अधूनमधून हायकोर्टात, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या त्या निकालानंतर एक गंमत बघतोय की जो येतो तो 'साहेब माझ्या प्रायव्हसीचा भंग झालाय' म्हणतच खुर्चीत बसतो. नवऱ्याने मोबाईल बघितला, शेजाऱ्याने कॅमेरा लावला, बँकेचे फोन येतात, सासूने कपाट उघडलं, सगळंच प्रायव्हसी. मी पहिला प्रश्न एकच विचारतो, भंग केला कोणी? त्याच्या उत्तरावर अर्ध्याहून जास्त केस ठरते.

आधी वडिलांचं म्हणणं घेऊ. घटनेत तो शब्द नाही हे खरं, आणि तो चुकून राहून गेला असंही नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केलं होतं, त्यात माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची आणि चीजवस्तूंची गैरवाजवी झडती घेता येणार नाही असं कलम होतं. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत साधारण त्याच अर्थाची दुरुस्ती मांडली, बाबासाहेब ती स्वीकारायला तयारही होते, पण मतदानात ती पडली. म्हणजे विषय टेबलावर आला होता, त्यावर बोलणं झालं होतं आणि तो आत आला नाही. सरकारी वकिलांनी पुढची साठ-पासष्ट वर्षं हाच मुद्दा वाजवला.

त्यात भर म्हणजे दोन निकाल. १९५४ चा एम. पी. शर्मा, आठ न्यायमूर्ती, दालमिया ग्रुपच्या कंपनीवरच्या झडतीचं प्रकरण. त्यात मूळ वाद वेगळाच होता, पण जाता जाता कोर्टाने म्हटलं की अमेरिकेसारखा झडतीविरुद्धचा प्रायव्हसीचा हक्क आपल्या घटनेत नाही, तो ओढूनताणून आणायचं कारण नाही. आणि दुसरा १९६२ चा खरक सिंग, सहा न्यायमूर्ती. हा मला नेहमी सांगावासा वाटतो. उत्तर प्रदेशातला माणूस, १९४१ च्या एका दरोड्यात पकडला, पुरावा नाही म्हणून सोडला, पण पोलिसांनी हिस्ट्रीशीट उघडून ठेवली. मग काय, रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दारात, कडी वाजवायची, हाका मारायच्या, झोपेतून उठवायचं, आहेस का घरात. कुठे गेलास, कोण आलं होतं, सगळ्याची नोंद. कोर्टाने रात्रीच्या या फेऱ्या बेकायदा ठरवल्या, म्हणजे माणसाच्या झोपेचं संरक्षण केलं, आणि त्याच निकालात बहुमताने लिहिलं की प्रायव्हसी हा काही घटनेने दिलेला हक्क नाही. मग फेऱ्या कशाच्या जोरावर रद्द केल्या? सुब्बा राव यांनी तेव्हाच वेगळा निकाल लिहून ही विसंगती दाखवली होती, पण ते अल्पमतात.

इथे एक तांत्रिक गोम आहे, ती समजली की पुढचं सगळं समजतं. लहान खंडपीठ मोठ्या खंडपीठाचा निकाल फिरवू शकत नाही. १९७५ पासून सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी वेगवेगळ्या केसेसमध्ये मानली, आधी गोविंदचा निकाल, मग १९९४ चं फाशीचा कैदी ऑटो शंकरचं आत्मचरित्र छापायचं प्रकरण, १९९६ चा पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमधला फोन टॅपिंगचा निकाल, पण ही सगळी दोन-तीन न्यायमूर्तींची खंडपीठं. वर आठ आणि सहा बसलेले. म्हणजे इमारत चांगली उभी राहिली पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असला प्रकार. कोणी खणून काढत नव्हतं तोवर ठीक चाललं होतं.

खणलं आधारच्या केसमध्ये. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारला आव्हान दिलं. २०१५ मध्ये सरकारतर्फे अॅटर्नी जनरलनी सांगितलं की आधी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे का तेच ठरवा, कारण शर्मा आणि खरक सिंग अजून जिवंत आहेत. आता वकील म्हणून सांगतो, मुद्दा कायद्याने चुकीचा नव्हता. फक्त एवढी मोठी योजना वाचवायला तो काढला आणि त्यातून नेमकं उलटं झालं. प्रकरण नऊ न्यायमूर्तींसमोर गेलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ जणांनी सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, कलम २१ च्या जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात तो आहेच आणि घटनेच्या तिसऱ्या भागातल्या, म्हणजे मूलभूत हक्कांच्या, बाकीच्या स्वातंत्र्यांतही आहे. शर्मा आणि खरक सिंग त्या मुद्द्यापुरते रद्द. ५४७ पानं, सहा वेगवेगळी निकालपत्रं, निष्कर्ष एक. शब्द नाही म्हणून हक्क नाही हे वडिलांचं म्हणणं त्या दिवशी संपलं. तसं बघितलं तर प्रेसचं स्वातंत्र्य हा शब्दही घटनेत कुठे आहे, तरी १९५० पासून आपण मानतोच ना.

त्यातलं मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. त्यांनी त्यात आणीबाणीतला १९७६ चा एडीएम जबलपूरचा निकालही, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही म्हणणारा, चुकीचा ठरवला, आणि त्या निकालाच्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. बाप-लेक दोघंही पुढेमागे सरन्यायाधीश झाले, घराणं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. पोराने बापाचा निकाल खोडला यावर बार रूममध्ये तेव्हा आठवडाभर चहा झाला असेल. खंडपीठावर नागपूरचे न्या. बोबडेही होते, त्यांचं निकालपत्र छोटं आणि वाचायला सोपं आहे, कोणाला सुरुवात करायची असेल तर तिथून करा.

आपल्या मुंबई हायकोर्टाने तर या निकालाची वाटही बघितली नव्हती. मे २०१६ मध्ये न्या. ओक आणि न्या. गुप्ते यांनी महाराष्ट्राच्या गोवंश हत्याबंदी कायद्यातलं ५ डी कलम रद्द केलं. बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा करणारं जे कलम होतं ते प्रायव्हसीच्या कारणाने काढलं, कारण ते कलम ठेवलं म्हणजे माणूस स्वतःच्या घरात काय खातोय ते बघायला पोलीस स्वयंपाकघरापर्यंत येणार. तुमचं त्या विषयावर मत काहीही असो, पण प्रायव्हसी म्हणजे काय हे समजवायला मला यापेक्षा बरं उदाहरण मिळालेलं नाही.

आता मुलाचं पाऊण का, पूर्ण का नाही ते बघू.

एक म्हणजे हक्क आहे पण तो निरपवाद नाही. सरकारला तुमच्या खाजगीपणात शिरायचं असेल तर त्याच्यामागे कायदा पाहिजे, त्या कायद्याचा हेतू रास्त पाहिजे आणि जेवढं गरजेचं आहे तेवढंच शिरलं पाहिजे, उंदराला मारायला घर पेटवायचं नाही. याच तराजूत सप्टेंबर २०१८ मध्ये आधार टिकलं, चार विरुद्ध एक, पण बँक खातं आणि सिमकार्डला आधार सक्तीचं करणं गेलं, पॅनला जोडणं राहिलं. त्यामुळे 'प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे' एवढं वाक्य घेऊन कोर्टात उभं राहिलात तर न्यायमूर्ती म्हणणार बरं, पुढे? कायदा कुठला ते दाखवा, नसेल तर नाही म्हणून दाखवा. खरी लढाई तिथे असते.

दुसरं, मूलभूत हक्क हे मुळात सरकारविरुद्धचं हत्यार आहे. सरकार म्हणजे पोलीस, महापालिका, झेडपी, सरकारी कंपन्या वगैरे. तुमच्या हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे सरकार नाही, त्याला कितीही वाटत असलं तरी. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक असं म्हटलंय खरं की कलम १९ आणि २१ चे हक्क खाजगी माणसाविरुद्धही वापरता येतील, पण रोजच्या कामात ते कसं चालवायचं हे अजून कोणाला नीट उलगडलेलं नाही, मी तरी अशिलाला त्या भरवशावर रिट, म्हणजे हक्कभंगासाठी थेट हायकोर्टात याचिका, करायला सांगत नाही.

माझ्याकडे आलेली एक केस सांगतो. एका सोसायटीने भाडेकरूंची माहिती जमा केली, ठीक आहे, पोलीस व्हेरिफिकेशनला लागते. पण चेअरमननी काय केलं, एका भाडेकरू मुलीच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि भाडेकरार नोटीस बोर्डवर लावला, का तर 'सभासदांना माहिती असावी'. कागद लिफ्टच्या शेजारी, काचेच्या आत, चार कोपऱ्यांना चार टाचण्या, जन्मतारीख, गावचा पत्ता, वडिलांचं नाव, मोबाईल नंबर, सगळं वाचता येतंय. दुधवाला वाचतोय, इस्त्रीवाला वाचतोय. वर त्याचा फोटो ग्रुपवर. ती मुलगी २०१७ चा निकाल प्रिंट करून घेऊन आलेली, हायलायटरने रंगवलेला. मी म्हटलं हे फाईलला राहू दे, आपण आधी साधं पत्र देऊ, मग उपनिबंधकांकडे तक्रार. पत्रात मी निकालाचा उल्लेख एका ओळीत केला आणि बाकी पानभर फक्त एवढंच विचारलं की कुठल्या ठरावाने, कुठल्या उपविधीने आणि कशासाठी हे लावलं. तिसऱ्या दिवशी बोर्डवर फक्त टाचण्या होत्या. ग्रुपवरचा फोटो मात्र किती जणांच्या फोनमध्ये राहिला असेल देव जाणे.

अशा खाजगी प्रकारांसाठी २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत दिलीय. दंड अडीचशे कोटींपर्यंत, ऐकायला बरं वाटतं, पण तो जातो सरकारी तिजोरीत, ज्याचा डेटा फुटला त्याच्या हातात त्यातला रुपया नाही. शिवाय सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देता येते. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराचं ८(१)(जे) कलम, वैयक्तिक माहिती नाकारता येते ते, बदललंय, आधी त्या कलमातच व्यापक जनहित असेल तर माहिती द्यायची तरतूद होती, आता वैयक्तिक माहिती म्हटलं की विषय बंद. ८(२) मध्ये जनहिताचा रस्ता अजून आहे, पण माहिती अधिकारी तो स्वतःहून दाखवणार नाही. हक्क मिळवला नागरिकाने आणि पहिली छत्री उघडली साहेबांनी, असं माझं मत झालंय.

फॅमिली कोर्टातली गोष्ट आणखी वेगळी. नवरा किंवा बायको येते, पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवते आणि म्हणते 'सगळं रेकॉर्डिंग आहे'. समोरच्याचा वकील उठतो, प्रायव्हसी, पुट्टस्वामी. इथे लोकांना धक्का बसतो. पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे का हे आपली कोर्टं आधी बघतात. हे निदान १९७२ पासूनचं आहे, मुंबईच्या कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाचेच्या मलकानी केसमध्ये फोनवरचं बोलणं टेप केलेलं होतं आणि सुप्रीम कोर्टाने ते पुराव्यात घेतलं. आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवरा-बायकोच्या वादात एकाने दुसऱ्याचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून चालेल. मला स्वतःला हा निकाल पटत नाही, घराघरात रेकॉर्डर चालू करायला आमंत्रण आहे ते, पण मला न पटून काय उपयोग, अशिलाला जे आहे तेच सांगावं लागतं.

याच्या उलट पोलीस किंवा सीबीआय टॅप करतात तेव्हा प्रायव्हसीला धार येते. ऑक्टोबर २०१९ ची मुंबई हायकोर्टाची केस, दहा लाखांच्या लाचेचा आरोप, फोन टॅपिंगचे तीन आदेश. कोर्टाने विचारलं यात सार्वजनिक आणीबाणी कुठली, सार्वजनिक सुरक्षितता कुठली, कारण जुन्या टेलिग्राफ कायद्याने त्याच दोन कारणांसाठी टॅपिंग करता येत होतं. लाच हा गुन्हा आहे पण ती म्हणजे आणीबाणी नव्हे. तिन्ही आदेश रद्द आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. बघा, मलकानीत लाचच होती, इथेही लाचच, पण तिथे टेप आत आली आणि इथे बाहेर गेली. मलकानीत ज्याच्या फोनवर बोलणं झालं त्यानेच टेप करायला परवानगी दिलेली, इथे सरकार परवानगीशिवाय मधे घुसलेलं. म्हणून म्हणतो, भंग कोणी केला ते आधी सांगा.

आता तो नाका. इथे समोर पोलीस आहे, म्हणजे सरकार, म्हणजे हक्क पूर्ण ताकदीने लागू. मग कायदा कुठला? गाडी थांबवून लायसन आणि कागदपत्रं मागायचा अधिकार मोटर वाहन कायद्यात आहे. फोन हे गाडीचं कागदपत्र नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मोबाईलसारखं उपकरण हजर करायला सांगता येतं, पण त्यासाठी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो आणि काही तरी तपास चालू असावा लागतो. वॉरंटशिवाय झडती कलम १८५ ने घेता येते, पण तिथेही तपासातला गुन्हा पाहिजे, कारणं लिहून ठेवायची आणि ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. रस्त्यावर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचा फोन उघडून सर्चमध्ये शब्द टाकायचे, याला मला तरी एकही कलम सापडत नाही. पण, आणि हे पोरांनी नीट ऐका, तू अनलॉक करून हातात दिलास. ते उद्या 'संमतीने दिला' असंच लिहिणार. त्यामुळे पुढच्या वेळी भांडू नका, हात लावू नका, व्हिडिओ काढायचा हिरोपणा करू नका, फक्त विचारा की साहेब कुठल्या गुन्ह्यात आणि लेखी आदेश आहे का. बऱ्याचदा तिथेच विषय मिटतो. नाही मिटला तर फोन माझ्याकडून जबरदस्तीने उघडून घेतला हे दुसऱ्याच दिवशी लेखी कळवा.

वडिलांच्या 'लपवण्यासारखं काही नसेल तर' ला माझं उत्तर मी एका जुन्या केसने देतो. एलआयसीमध्ये नोकरी लागलेल्या एका बाईला फॉर्ममध्ये विचारलं होतं की पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती वेळा गरोदर राहिलात. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रकाने काढायला लावले. आता त्यात गुन्हा म्हणून लपवण्यासारखं काय होतं? काही नाही. तरी ते विचारायचं काम विमा कंपनीचं नव्हतं. आणि त्या मुलाच्या फोनमध्ये फक्त तो नसतो, आईचे रिपोर्ट असतात, बहिणीचे फोटो असतात, मित्राने ब्रेकअपनंतर रात्री दोनला लिहिलेलं असतं, त्यांना कोणी नाक्यावर विचारलं?

झालेल्या प्रकाराचं काय करायचं, तर वेळ, जागा, जमलं असेल तर नेमप्लेटवरचं नाव किंवा बक्कल नंबर आजच लिहून ठेव. शहरात असशील तर झोनच्या डीसीपींना, गावाकडे असशील तर एसपींना साधा अर्ज, पोच घेऊन. त्या रात्री फोन तपासायचा आदेश होता का, हे माहिती अधिकारात विचार, आदेश ही काही कोणाची वैयक्तिक माहिती नाही. वर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. भरपाई मिळेल अशी आशा मी लावणार नाही, एवढ्यासाठी हायकोर्टात रिट करायचा खर्चही करायला सांगणार नाही, पण अशा दहा अर्जांनंतर नाक्यावरच्या ब्रीफिंगमध्ये सूचना जाते हे मी बघितलंय.

आणि फोनचं फिंगरप्रिंट आणि फेस लॉक काढून पिन ठेव. १९६१ च्या काथी काळू ओघडच्या निकालात, तीही मुंबई राज्याचीच केस, अकरा न्यायमूर्तींनी सांगितलंय की बोटांचे ठसे देणं म्हणजे घटनेने सक्ती करायला मनाई केलेली स्वतःविरुद्धची साक्ष नव्हे. डोक्यातला पिन सांगायला लावणं ही साक्ष होते की नाही यावर कोर्टांत अजून वाद घालता येतो, बोट धरून सेन्सरवर टेकवलं तर तेवढीही जागा उरत नाही.